चित्रकाराची वेबसाइट: आधी नोंद, मग प्रसिद्धी

जहांगीर आर्ट गॅलरीतलं प्रदर्शन मंगळवारी सुरू होतं आणि पुढच्या सोमवारी संध्याकाळी संपतं. त्या एका आठवड्यासाठी चित्रकारानं बराच काळ आधी अर्ज केलेला असतो, फ्रेमिंगवर खर्च केलेला असतो, ब्रोशर छापून घेतलेलं असतं. सोमवारी रात्री चित्रं बबल रॅपमध्ये गुंडाळून टेम्पोत चढतात. विकली गेलेली चित्रं कुणाच्या तरी दिवाणखान्यात जातात आणि पुन्हा खुद्द चित्रकाराच्याही नजरेला पडतील याची खात्री नसते. आता एखाद्यानं ते प्रदर्शन पाहिलं, त्यातलं एक चित्र त्याच्या डोक्यातून जाईना आणि दोन महिन्यांनी त्याला ते परत पाहावंसं वाटलं, तर त्यानं जायचं कुठे?

तो फोनवर चित्रकाराचं नाव टाकून शोधतो. तिथे त्याला काय सापडावं आणि ते कसं मांडलेलं असावं, हे इथे सोपं करून सांगायचा प्रयत्न आहे. चित्रकारांसाठी तर आहेच, पण शिल्पकार, छायाचित्रकार, इलस्ट्रेटर यांनाही यातलं बरंचसं लागू पडेल.

वेबसाइटचा विषय निघाला की लोक प्रसिद्धीपासून सुरुवात करतात. किती लोक येतील, फॉलोअर कसे वाढतील, विक्री कशी होईल. माझ्या मते क्रम उलटा हवा. कलावंताची वेबसाइट ही सर्वांत आधी त्याच्या कामाची नोंद असते: कोणतं चित्र, कधीचं, कशात केलेलं, केवढं, आता कुठे आहे. ही नोंद स्वच्छ असेल तर प्रसिद्धीची निम्मी कामं आपोआप होतात. नोंदच नसेल तर डिझाइन कितीही देखणं केलं तरी बघणाऱ्याच्या हाती काही लागत नाही.

पुढच्या उदाहरणांसाठी एक चित्रकार कल्पनेत आणू. ती डोंबिवलीत राहते, मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून शिकली आहे, गिरणगावातल्या बंद गिरण्यांवर तैलरंगात आणि जलरंगात काम करते. एक सोलो शो झाला आहे, चार-पाच ग्रुप शो झाले आहेत, गॅलरीशी करार नाही. मुंबई आणि आसपास अशा परिस्थितीतले कलावंत पुष्कळ आहेत.

इन्स्टाग्राम आहे ना, मग वेबसाइट कशाला?

हा प्रश्न रास्त आहे. नवी माणसं तिथेच भेटतात, तेव्हा इन्स्टाग्राम बंद करा असं मी कुणालाही सांगणार नाही. पण तिथे तुमच्या कामाचा क्रम तुमच्या हातात नसतो. नवं वर, जुनं खाली, आणि कुणाला काय दाखवायचं हे कंपनीचा अल्गोरिदम ठरवतो. पाच फुटी कॅनव्हास आणि पोस्टकार्डाएवढा जलरंग तिथे एकाच मापाच्या चौकटीत बसतात. २०१९च्या मालिकेतलं सातवं चित्र शोधायचं तर बोट दुखेपर्यंत सरकवत राहावं लागतं.

दुसरी गोष्ट अशी, की दुसऱ्याच्या जागेवर साठवलेलं कधी नाहीसं होईल सांगता येत नाही. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ रोजी बंद झालं. जून २०२०च्या अखेरीस भारतात टिकटॉकवर बंदी आली आणि लाखो लोकांनी जमवलेला प्रेक्षक एका दिवसात गेला. यात त्या लोकांची काहीच चूक नव्हती.

म्हणून पहिली गुंतवणूक स्वतःच्या डोमेनमध्ये करावी. डोमेन म्हणजे वेबसाइटचं नाव, जे लोक टाइप करतात. होस्टिंग म्हणजे जिथे फाइली प्रत्यक्ष ठेवलेल्या असतात तो संगणक. हे नातं भाड्याच्या खोलीसारखं समजा, फक्त एक फरक आहे: इथे खोली बदलली तरी पत्ता तोच राहतो. होस्टिंग महागलं, कंपनीनं नियम बदलले, तर सगळं उचलून दुसरीकडे न्यावं आणि डोमेन नव्या जागेकडे वळवावं. बघणाऱ्याला काही कळतही नाही. डॉट इन किंवा डॉट कॉम डोमेनचा वर्षाचा खर्च साधारणपणे एका बऱ्या ब्रशच्या किमतीएवढा असतो. २०१४ पासून डॉट भारत हे देवनागरी डोमेनही मिळतं. ते जरूर घ्या, पण दुसरं म्हणून. परदेशातल्या क्युरेटरला, म्हणजे प्रदर्शनासाठी कामं निवडणाऱ्याला, ते टाइप करता येणार नाही.

फोटो: सगळं यावर उभं आहे

चित्रकाराच्या वेबसाइटवर बघण्यासारखं एकच असतं, ते म्हणजे चित्राचा फोटो. त्यामुळे मेहनतीचा मोठा वाटा डिझाइनच्या आधी इथे जायला हवा. वेबसाइट सुंदर आणि फोटो वाकडा, पिवळट, वरच्या कोपऱ्यात ट्यूबलाइटची चमक असलेला, हे फार वेळा दिसतं आणि दर वेळी त्या चित्रासाठी वाईट वाटतं.

फोटो काढताना चित्र भिंतीवर सरळ टांगावं. कॅमेरा ट्रायपॉडवर, लेन्सचा मध्य चित्राच्या मध्याच्या उंचीला आणि कॅमेऱ्याची पाठ चित्राला समांतर. कॅमेरा थोडा जरी कलला तरी आयत चौकट समलंब होते. अगदी जवळून वाइड लेन्सनं काढलं तर कडा फुगतात, म्हणून मागे सरकून थोडं झूम करून काढावं. प्रकाशासाठी सारखे दोन दिवे दोन्ही बाजूंना, चित्राशी ४५ अंशांच्या कोनात, सारख्या अंतरावर. दिवे नसतील तर खिडकीचा उजेड चालतो, मात्र खोलीतली ट्यूबलाइट बंद हवी. दोन वेगळ्या रंगांचे प्रकाश मिसळले की चित्राचा एक भाग निळसर आणि दुसरा पिवळसर येतो, आणि ते नंतर कोणत्याही सॉफ्टवेअरमध्ये नीट सुटत नाही. मुंबईत या कामाला पावसाळ्यातला ढगाळ दिवस उत्तम, कारण ढगांमधून गाळून येणारा उजेड मऊ आणि सगळीकडे सारखा असतो. खोलीच्या भिंती गुलाबी किंवा हिरव्या असतील तर त्यांचाही रंग चित्रावर पडतो, तेव्हा शेजारी पांढरी चादर टांगावी.

जलरंगाची काच काढून मगच फोटो घ्यावा. तैलरंगाचा पृष्ठभाग चमकत असेल तर लेन्सवर लावायचा पोलरायझिंग फिल्टर बरीच चमक कापतो. रंगाचा थर जाड असेल तर मुख्य फोटोशिवाय एक जवळचा फोटो घ्यावा, एका बाजूनं तिरपा प्रकाश टाकून, म्हणजे सुरीचे आणि ब्रशचे फटकारे उठून दिसतात. पहिल्या फोटोत एक ग्रे कार्ड, म्हणजे ठरावीक राखाडी छटेचा पुठ्ठा, चित्राशेजारी धरावा. संगणकावर त्या राखाडीवर क्लिक केलं की सगळ्या फोटोंचं व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरा पांढराच दिसावा असा रंगांचा तोल, जागेवर येतं.

मग येतो रंगाचा घोळ. 'माझ्या लॅपटॉपवर बरोबर दिसतं, फोनवर फिकं दिसतं' ही तक्रार सर्वांची असते. याचं कारण असं: फाइलमध्ये प्रत्येक ठिपक्यासाठी लाल, हिरवा, निळा यांचे आकडे असतात, आणि त्या आकड्यांचा अर्थ कसा लावायचा हे कलर प्रोफाइल सांगतं. एसआरजीबी हे प्रोफाइल १९९६ मध्ये एचपी आणि मायक्रोसॉफ्ट यांनी सर्वसाधारण स्क्रीनसाठी आणलं आणि वेबवर आजही तेच गृहीत धरलं जातं. अॅडोबी आरजीबी १९९८ मधलं, त्यात जास्त रंग मावतात. कॅमेरा अॅडोबी आरजीबीवर असेल आणि फाइल प्रोफाइलशिवाय अपलोड झाली, तर ब्राउझर ते आकडे एसआरजीबी समजून वाचतो आणि चित्र मरगळलेलं दिसतं. उपाय सोपा आहे: वेबसाठी फाइल बनवताना ती एसआरजीबीमध्ये बदलून घ्यायची आणि प्रोफाइल फाइलमध्येच ठेवायचं. तरीही काही रंग स्क्रीनवर येणार नाहीत. काही तेजस्वी हिरवट निळे, फ्लुरोसंट रंग एसआरजीबीच्या कक्षेबाहेर पडतात. तिथे चित्र शेजारी ठेवून जमेल तेवढं जवळ जायचं आणि थांबायचं. सॅच्युरेशन, म्हणजे रंगांची तीव्रता, वाढवून चित्रात नसलेला भडकपणा आणला, तर ते चित्र घरी मागवणाऱ्याची निराशा पक्की.

फाइलच्या आकाराबद्दल एक गैरसमज सर्वत्र आहे: 'वेबसाठी ७२ डीपीआय ठेवा.' डीपीआय म्हणजे छापताना एका इंचात किती ठिपके बसवायचे तो आकडा. स्क्रीनवर त्याला काही अर्थ नसतो. तिथे फक्त एकूण पिक्सेल, म्हणजे फाइलमधले ठिपके, मोजले जातात. डीपीआय कामाला येतो तो छपाईत. ३०० डीपीआयनं १२ इंच रुंद छापायचं तर ३६०० पिक्सेल लागतात. वेबसाइटवर चित्राची लांब बाजू १६०० ते २००० पिक्सेल असली की लॅपटॉपवरही ते भरपूर मोठं आणि स्पष्ट दिसतं. अशी जेपेग फाइल साधारण ३०० ते ४०० केबीत बसते. आता हिशोब करा. फोनमधला मूळ फोटो सहज ५ एमबीचा. असे ३० फोटो तसेच चढवले तर १५० एमबी, आणि ३०० केबीचे केले तर ९ एमबी. डोंबिवली फास्टमध्ये, नेटवर्क येत-जात असताना यातलं कोणतं पान उघडेल, हे सांगायला नको. गूगलच्या निकषानुसार पानावरचा सर्वांत मोठा घटक अडीच सेकंदांत दिसायला हवा. चित्रकाराच्या पानावर तो घटक म्हणजे चित्रच.

यापुढचं काम वेबसाइटचं सॉफ्टवेअर करतं. ते एकाच चित्राच्या लहान-मोठ्या प्रती बनवून ठेवतं आणि फोनला लहान, मोठ्या स्क्रीनला मोठी प्रत पाठवतं. खाली असलेली चित्रं बघणारा तिथपर्यंत पोचल्यावरच उतरवून घेतली जातात. वेबपी आणि एव्हीआयएफ हे नवे फॉरमॅट जेपेगपेक्षा कमी जागेत तेच चित्र बसवतात. वेबसाइट बनवून देणाऱ्याला या तीन गोष्टी आहेत का, एवढं विचारायचं. मूळ मोठी फाइल मात्र कधीही पुसायची नाही. घरच्या हार्ड डिस्कवर एक, क्लाउडवर एक आणि दुसऱ्या कुणाच्या घरी एक, अशा प्रती असाव्यात. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर हे मुंबईकराला समजावून सांगावं लागू नये.

राहता राहिला चित्राचा खरा आकार. स्क्रीन तो खाऊन टाकते. आपल्या चित्रकारानं गिरणीच्या चिमणीचं एक चित्र सहा फूट उंच केलं, ते मुद्दाम, बघणाऱ्याला मान वर करावी लागावी म्हणून. फोनवर ते तीन इंचांचं होतं. त्यामुळे दर मालिकेत एक तरी फोटो प्रदर्शनाच्या भिंतीवरचा हवा, शेजारी उभ्या माणसासह. सोफ्याच्या वर चित्र चिकटवून दाखवणारे तयार मॉकअप मला आवडत नाहीत. त्यात चित्राचं माप बहुधा खोटं असतं आणि चित्र सोफ्याला शोभतं की नाही एवढाच प्रश्न उरतो.

चित्राखालची ओळ

गॅलरीतल्या भिंतीवर चित्राशेजारी जी छोटी पाटी असते, तिची जागा वेबसाइटवर चित्राखालच्या ओळीनं घ्यायची असते. शीर्षक, वर्ष, माध्यम आणि पृष्ठभाग, माप. माप लिहिताना कलाविश्वात आधी उंची आणि मग रुंदी हा रूढ क्रम आहे, शिल्प असेल तर तिसरी खोली. इंच आणि सेंटिमीटर दोन्ही द्यावेत. मुद्राचित्र, म्हणजे ठशावरून छापलेलं चित्र, असेल तर आवृत्तीतला क्रमांक द्यावा, उदाहरणार्थ ३/२५, म्हणजे पंचवीस प्रतींपैकी तिसरी. चित्र एखाद्या संग्रहात असेल आणि मालकाची परवानगी असेल तर तसा उल्लेख, नाहीतर 'खासगी संग्रह'. शेवटी फोटो काढणाऱ्याचं श्रेय.

'शीर्षकहीन' नावाची चाळीस चित्रं असणारे कलावंत आहेत. त्यांचा तो हक्क आहे, पण मग प्रत्येकाला वर्ष आणि क्रमांक द्यावा. नाहीतर पाच वर्षांनी कुणी 'ते शीर्षकहीन हवंय' म्हणालं, तर चित्रकाराला स्वतःलाच ओळखता येणार नाही.

ही ओळ खऱ्या अक्षरांत टाइप केलेली असावी, फोटोवर छापलेली नको. सर्च इंजिन चित्रावर छापलेल्या अक्षरांवर भरवसा ठेवत नाही, पानावरच्या मजकुरावर ठेवतं. याच्या जोडीला असतो ऑल्ट टेक्स्ट. तो पानावर दिसत नाही, पण दृष्टिहीन व्यक्तीचा फोन किंवा संगणक तो मोठ्यानं वाचून दाखवतो. तिथे 'आयएमजी ४०२३' असं ठेवणं म्हणजे त्या माणसाला दारातूनच परत पाठवणं. चित्रात काय आहे ते एका वाक्यात लिहावं: 'पिवळसर आकाशासमोर बंद गिरणीची उंच चिमणी, खाली उजवीकडे निळ्या ताडपत्रीचं छप्पर, त्यावर साचलेलं पाणी.' स्वतःच्या चित्राबद्दल असं वाक्य लिहिणं सोपं नसतं. पण लिहून पाहिलं की आपण नेमकं काय रंगवलं आहे, हे चित्रकारालाही नव्यानं कळतं.

मांडणी

आता डिझाइन. पहिल्या पानावर एक चित्र, नाव आणि चार-पाच दुव्यांचा मेनू एवढं पुरतं. आपोआप सरकणारी चित्रमालिका टाळावी. चित्र बघायला किती वेळ लागतो हे बघणारा ठरवतो, यंत्रानं ठरवू नये. आपोआप वाजणारं संगीत तर अजिबात नको.

पार्श्वभूमी पांढरी किंवा अगदी हलकी राखाडी का ठेवतात? फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ शेव्रुल यांनी १८३९ मध्ये सविस्तर मांडलं, की रंग शेजारच्या रंगाप्रमाणे वेगळा भासतो. लाल पार्श्वभूमीवर राखाडी हिरवट वाटतो, काळ्यावर तोच उजळ वाटतो. चित्रकारानं कॅनव्हासवर ठरवलेले रंगसंबंध वेबसाइटच्या रंगानं बिघडू नयेत, हे त्यामागचं कारण आहे. छायाचित्रकार आणि व्हिडिओवाले गडद पार्श्वभूमी निवडतात, ते त्यांना शोभतं. मजकुराचा रंग मात्र दोन्हीकडे ठळक हवा. पांढऱ्यावर फिकट राखाडी बारीक अक्षरं लिहायची फॅशन आहे, ती वयस्कर संग्राहकाला वाचता येत नाहीत. वेबच्या सुलभतेच्या मानकांत अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्यातल्या उजेडाचं गुणोत्तर किमान ४.५ला १ सांगितलं आहे, आणि ते तपासणारी मोफत साधनं ऑनलाइन आहेत.

कामं मालिकेनुसार लावावीत. आपल्या चित्रकाराच्या बाबतीत 'गिरण्या', 'चाळीतले जिने', 'रेखाटनं' असे तीन विभाग होतील, प्रत्येकात पंधरा-वीस चित्रं, वर दोन-तीन वाक्यांची ओळख. निवड करताना मन घट्ट करावं लागतं. सगळंच दाखवायचं असेल तर 'संपूर्ण सूची' असं वेगळं पान करावं, लहान चित्रं आणि पूर्ण नोंदी असलेलं. अभ्यासकाला तेच पान हवं असतं.

शिल्पकारानं प्रत्येक शिल्प तीन-चार बाजूंनी दाखवावं. इलस्ट्रेटरकडे येणारा माणूस काम द्यायला येतो, त्याला कच्च्या स्केचपासून छापील पानापर्यंतचा प्रवास बघायचा असतो.

आणि दिखाऊ तंत्रापासून दूर राहा. २०००च्या दशकात कलावंतांच्या कितीतरी वेबसाइट फ्लॅश या हलत्या चित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये बनल्या: दारं उघडतात, चित्रं उडत येतात. आयफोननं फ्लॅश कधी चालवलंच नाही आणि ३१ डिसेंबर २०२० रोजी अॅडोबीनं त्याचा आधार पूर्ण बंद केला. त्या साइट आज उघडल्या तर रिकामी चौकट दिसते. त्याआधीची, १९९०च्या दशकातली साधी एचटीएमएल पानं मात्र आजच्या फोनवरही उघडतात.

मराठीतही लिहा

कलावंताच्या परिचयाला दोन भाग असतात. एक चरित्र: जन्म, शिक्षण, प्रदर्शनं, पुरस्कार. ते तृतीयपुरुषी, शंभर-सव्वाशे शब्दांत हवं, म्हणजे वार्ताहर ते तसंच उचलू शकतो. दुसरं निवेदन: मी काय करते आणि का. इथे मोठमोठे शब्द येऊ देऊ नका. 'अस्तित्वाच्या अंतर्द्वंद्वाचा शोध' हे कुणाच्याही चित्राखाली चालतं, म्हणून ते कुणाचंच नसतं. 'माझे आजोबा लोअर परळच्या गिरणीत जॉबर होते, मी त्या आवारात पहिल्यांदा गेले तेव्हा तिथे मॉल होता' हे फक्त एकीचंच असू शकतं.

बहुतेक मराठी कलावंतांच्या साइट फक्त इंग्रजीत आहेत. इंग्रजी हवंच. पण कोल्हापूरच्या कलामहाविद्यालयातला विद्यार्थी, नाशिकचा कलाशिक्षक हे मराठीत शोधतात, आणि त्यांच्या हाती फार थोडं लागतं. मराठी पान करताना मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या फोन-संगणकांवर सारख्याच वाचल्या जाणाऱ्या अक्षरांत, टाइप करावा. डीटीपीवाल्याकडे जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये केलेला ब्रोशरचा मजकूर तसाच चिकटवला तर वेबवर इंग्रजी अक्षरांचा गोंधळ दिसतो, तो आधी रूपांतरित करून घ्यावा लागतो. मुंबईच्या एक टाइप या गटाचे मुक्त आणि बालू हे फॉन्ट मोफत आहेत आणि स्क्रीनवर चांगले वाचता येतात. आणखी एक बारकावा वेबसाइट करणाऱ्याला आवर्जून सांगा: पानाची भाषा 'मराठी' अशी कोडमध्ये नोंदवा. ल आणि श यांची मराठी वळणं हिंदीपेक्षा वेगळी आहेत, आणि काही फॉन्टमध्ये दोन्ही वळणं असतात. भाषा नोंदवलेली असेल तर असा फॉन्ट आपलं वळण उचलतो. डोळ्यांवर जगणाऱ्या माणसाच्या साइटवर अक्षर आपल्या वळणाचं असावं, असं मला मनापासून वाटतं.

लोकांपर्यंत कसं पोचायचं

१८९४ मध्ये राजा रविवर्मा यांनी मुंबईत लिथोग्राफीचा, म्हणजे दगडावरून छपाई करणारा, छापखाना काढला, जो पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. राजवाड्यातली चित्रं तिथल्या ओलिओग्राफमुळे, म्हणजे तैलचित्रासारख्या दिसणाऱ्या छापील प्रतींमुळे, घराघरांतल्या भिंतींवर गेली. प्रतिकृतीनं मूळ चित्राला मारलं नाही, नाव सर्वदूर नेलं. वेबसाइटवरच्या फोटोकडे मी तसंच बघते.

आज मुंबईत प्रदर्शनाचं निमंत्रण व्हॉट्सअॅपवर फिरतं, बहुधा जेपेग म्हणून. प्रदर्शन संपलं की ते पुसलं जातं. त्याऐवजी प्रत्येक प्रदर्शनाचं वेबसाइटवर कायमचं पान करा आणि त्याचा दुवा पाठवा. दुव्यासोबत चित्र आणि मजकूर दिसतो तो ओपन ग्राफ नावाच्या पद्धतीमुळे. त्यासाठी १२०० बाय ६३० पिक्सेलचं आडवं चित्र वेगळं कापून द्यायचं, नाहीतर उभ्या चिमणीचा फक्त मधला तुकडा दिसतो. प्रदर्शनात प्रत्येक पाटीवर छोटा क्यूआर कोड लावा, जो थेट त्या चित्राच्या पानावर नेईल. लेखाच्या सुरुवातीचा तो दर्शक आता दोन महिन्यांनी शोधत बसणार नाही, पान त्याच्या फोनमध्ये असेल.

गूगलसाठी फार कसरत लागत नाही. नावाचं इंग्रजी स्पेलिंग ब्रोशर, इन्स्टाग्राम, वेबसाइट सगळीकडे एकच ठेवा. पानाच्या शीर्षकात 'होम' ऐवजी नाव, 'चित्रकार', 'मुंबई' असे शब्द घाला. ग्रुप शो भरवणाऱ्या संस्थेनं तिच्या साइटवरून तुमच्या साइटला दुवा द्यावा, अशी विनंती करा. अशा दुव्यांना मोल असतं.

प्रदर्शनातल्या वहीत लोक अभिप्रायाखाली ईमेल लिहून जातात. ती वही माळ्यावर टाकू नका. पण वहीत नाव लिहिलं म्हणजे पत्रं पाठवायची परवानगी दिली, असं होत नाही. स्पष्ट विचारा, आणि पत्रातून बाहेर पडायची सोय द्या. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा २०२३ चा कायदा संमतीवरच उभा आहे. वर्षाला तीन-चार पत्रं पुरतात. जानेवारीतला मुंबई गॅलरी वीकेंड आणि जानेवारी-फेब्रुवारीच्या सुमारास भरणारा काळा घोडा महोत्सव, म्हणजे शहर चित्रांकडे वळलेलं असतं ते दिवस, त्यासाठी सोयीचे.

किंमत आणि हक्क

किंमत लिहावी का? गॅलरीशी करार असेल तर तिला विचारल्याशिवाय लिहू नये. नसेल तर निदान कमाल-किमान आकडा द्यावा, असं माझं मत आहे. पहिल्यांदा चित्र घेऊ पाहणारा मध्यमवर्गीय माणूस किंमत विचारायला संकोचतो आणि निघून जातो.

हक्कांबद्दल एक गोष्ट सगळ्यांनी लक्षात ठेवावी: चित्र विकलं म्हणजे त्याचा कॉपीराइट विकला जात नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार तो कलावंताच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो, आणि दुसऱ्याला द्यायचा तर लेखी करार लागतो. अपवाद आहेत, उदाहरणार्थ पैसे देऊन खास करवून घेतलेलं व्यक्तिचित्र. तिथे वेगळा करार नसेल तर हक्क करवून घेणाऱ्याकडे जातो. त्याच कायद्यात मूळ चित्राच्या फेरविक्रीत कलावंताला वाटा मिळण्याचीही तरतूद आहे, किंमत १०,००० रुपयांच्या वर गेली तर. पण चित्र कुणाकडे गेलं याची नोंदच नसेल, तर वाटा मागणार कुणाकडे? नकली चित्राचा प्रश्न उभा राहतो तेव्हाही वर्षानुवर्षं ठेवलेली सूचीच कामी येते.

चोरी होईल म्हणून चित्रावर भलामोठा वॉटरमार्क टाकू नका. त्यानं चोर थांबत नाही आणि दर्शकाचा विरस होतो. १८०० पिक्सेलच्या फाइलमधून चांगली छपाई जेमतेम सहा इंचांची होते, हेच पुरेसं संरक्षण आहे. फाइलच्या मेटाडेटात, म्हणजे फाइलसोबत आत साठवलेल्या माहितीत, नाव आणि हक्काची ओळ भरून ठेवा. एआय कंपन्यांच्या यंत्रांना साइटवर येऊ नका असं रोबॉट्स फाइलमध्ये, म्हणजे अशा यंत्रांसाठी साइटवर ठेवलेल्या सूचनांच्या फाइलमध्ये, लिहिता येतं, मात्र ती विनंती असते, कुलूप नव्हे. शिकागो विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२३ मध्ये ग्लेझ हे साधन मोफत दिलं, जे चित्रात बारीक बदल करून शैलीची नक्कल अवघड करतं. त्याचे ठसे सपाट रंगांत थोडे दिसतात, तेव्हा स्वतः वापरून पाहून ठरवा.

साइट कशात बनवायची, यावर फार वेळ घालवू नका. वर्डप्रेस हे साइट बनवायचं सॉफ्टवेअर मोफत आहे आणि शिकायला थोडा वेळ लागतो. तयार साचे देणाऱ्या सेवा दरमहा पैसे घेतात आणि काम लवकर होतं. फक्त एक विचारून घ्या: उद्या सोडायचं झालं तर माझा मजकूर आणि चित्रं मला बाहेर काढता येतील का?

डोमेन स्वतःच्या नावावर, स्वतःच्या ईमेलनं घ्या. भाच्यानं किंवा डिझायनरनं त्याच्या खात्यावर घेतलं, आणि त्याचा नंबर बदलला, की साइट अडकते. मुदत आपोआप वाढण्याची सोय चालू ठेवा. वर्षातून एकदा साइटची सगळी पानं इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनवर, म्हणजे वेबपानांच्या जुन्या प्रती साठवणाऱ्या साइटवर, जतन करा, ते मोफत आहे. डोमेन, होस्टिंग आणि मूळ फाइली यांचे पासवर्ड एका कागदावर लिहून घरच्या एका माणसाला तो कागद कुठे आहे ते सांगा. साठ वर्षांचा कॉपीराइट वारसांकडे जाईल, तेव्हा कोणतं चित्र कुठे आहे हे त्यांना याच पानांवरून कळणार आहे.